घरचा शाडूचा गणपती, चिपळूण : ३० जून ते १२ सप्टेंबर २०२४ च्या नोंदी

३० जून, रविवार

मामाची देवरुखला गणपतीची शाळा, म्हणजे मूर्तींचा कारखाना, होती. गुडघे गेले तशी बंद झाली. शेवटचे चार साचे त्याने कौलांखाली जपून ठेवलेले. त्यातला एक काल मागून आणला: प्लास्टरचा, पुढचा आणि पाठचा असे दोन भाग, बारा इंची, लोडाला टेकून बसलेला. हात साच्यात नाहीत, ते वेगळे करून लावायचे.

शाडू गावातल्याच एका कारखान्यातून आणला, पावडर, १५ किलो, ३०० रुपये. गणपती आमच्या कोकणातले असले तरी ही माती येते गुजरातेतून. चतुर्थी ७ सप्टेंबरला, म्हणजे दहा आठवडे हातात. मामाला म्हटलं पुरतील ना? म्हणाला, "पुरतील, पाऊस मोजला नसलास तर."

आज फक्त माती. मैद्याच्या चाळणीने चाळली. मूठभर खडे आणि एक विडीचं थोटूक निघालं. टबात आधी पाणी घेऊन वरून पावडर सोडली, रात्रभर न ढवळता ठेवायची. उलट केलं, म्हणजे पावडरीवर पाणी ओतलं, की आत कोरडे गोळे राहतात. हे कणकेवरून ठाऊक होतं म्हणून ही एक चूक वाचली.

६ जुलै, शनिवार

माती तासभर मळली. कळायची खूण अशी: बोटाएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळायची. वर बारीक चिरा दिसल्या तर अजून मळायची, बोटाला चिकटली तर पाणी जास्त झालंय. माझी आधी चिकटली. मग ओटीवर जुन्या चादरीत पसरून ठेवली, दुपारपर्यंत जमली. मामा कापूस पिंजून घालायचा तसा मीही घातला, पाच किलोला एक मूठ. त्याने माती आतून धरून राहते.

संध्याकाळी साचा भरला, आणि भरण्याआधी त्याला आतून खोबरेल तेल चोपडलं. कोणी सांगितलं नव्हतं. मोदकाच्या साच्याला तूप लावतो म्हणून हात आपोआप गेला.

तासाने साचा उघडला तर पाठ निघाली, पुढचा भाग निघेना. ठोकला, हलवला, शेवटी ओढला. गणपती बाहेर आला तो सोंडेशिवाय. सोंड साच्यात, एक कान साच्यात, आणि पोटाला खोबरेलाचा वास.

मामाला फोन. "अगो, साचा पाणी पितो म्हणून माती सुटते. तू त्याची तोंडंच बुजवलीस. आणि साचा आधीच ओला असणार, माझ्या पडवीतून तुझ्या पडवीत आला तो."

म्हणजे चुका दोन. प्लास्टर मातीतलं पाणी ओढतं, माती किंचित आकसते आणि कडा सोडते. तेलाने छिद्रं बंद झाली, आणि जी उघडी राहिली ती पावसाच्या हवेने आधीच भरलेली. सोंड बांबूच्या काडीने कोरून काढली. स्टीलचा चमचा वापरला नाही, प्लास्टरवर ओरखडा उठला की तो दर वर्षीच्या मूर्तीवर उठतो. तेल काढायला साबणाच्या कोमट पाण्याने दोनदा धुतला. त्यामुळे साचा आणखी ओला झाला, पण इलाज नव्हता.

७ ते १३ जुलै

आठवडा साचा वाळवण्यात गेला. यातला एक दिवस निव्वळ मूर्खपणाचा: आमच्याकडे अजून आंघोळीचं पाणी बंबात तापतं. पाठचा भाग बंबाला टेकवून ठेवला, ऊब मिळेल म्हणून. दोन तासांनी पाहिलं तर बंबाकडची कड पांढरीफटक, नख लावलं की भुगा. जिप्सम साधारण दीडशे अंशांना भाजूनच प्लास्टर तयार करतात. मी तयार साचा परत पोत्यातल्या पावडरीकडे पाठवत होते. बोटभर कड गेली. सुदैवाने ती लोडाच्या पाठीमागची, दिसत नाही.

मग दोन वस्तू विकत घेतल्या आणि पुढचं सगळं काम त्यांच्या जिवावर झालं. एक, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, दहा किलोपर्यंतचा, ३५० रुपये. दोन, हवेतला दमटपणा दाखवणारं छोटं घड्याळ, २८० रुपये. पडवीत त्याने ९२ टक्के दाखवले. खोलीत पंखा लावून ८५.

माळ्याखालचं जुनं लोखंडी कपाट रिकामं केलं. (२०२१च्या जुलैतल्या पुरापासून आमच्याकडे खालच्या कपाटात कोणी काही ठेवतच नाही, त्यामुळे भांडण झालं नाही.) तळाला साठ वॉटचा जुना पिवळा बल्ब, दारं दोन बोटं उघडी. तीन तासांत आतला आकडा ५८ वर आला. एलईडीचा उपयोग नाही, तो तापत नाही. पिवळा बल्ब तिसऱ्या दुकानात मिळाला.

साच्याचा पुढचा भाग आठ तारखेला ६.९ किलो होता. तेराला ५.५, आणि त्याखाली जाईना. वजन उतरायचं थांबलं म्हणजे वाळला. हात लावून गार लागतं का पाहायची मामाची रीत बरोबरच आहे, पण ती मामाच्या हाताला.

१४ जुलै, रविवार

दुसरी भरणी. तेल नाही. मलमलच्या पुरचुंडीत कोरडा शाडू बांधून साच्यात आपटला, भुकटीचा हलका थर बसला. माती चेंडूएवढ्या गोळ्यांनी भरली. आधी खोल जागा: सोंडेचं टोक, कानाच्या पाळ्या, पायाची बोटं. अंगठ्याने दाबत बाहेर यायचं. दोन गोळ्यांत हवा राहिली की वर खड्डा दिसतो.

चाळीस मिनिटांत साचा आपोआप सुटल्यासारखा सुटला. सोंड शाबूत. कानामागची नससुद्धा उमटली, जी मला साच्यात दिसलीही नव्हती. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

पोकळ ठेवायला धीर झाला नाही म्हणून आतून पूर्ण भरला. वजन ९.२ किलो. घरच्या पाटावर बसवला. पूर्वी आमचा पाट शाळेत जायचा आणि त्याच पाटावर गणपती घरी यायचा, म्हणून मीही पाटावरच.

१७ जुलै, आषाढी एकादशी

तीन तडे.

एक उजव्या कानाच्या मुळाशी, दुसरा मानेभोवती अर्धा वळसा, तिसरा बैठकीला खालून वर, त्यात रुपयाचं नाणं उभं राहील एवढा. सकाळी ऑफिसला जाताना टेबलफॅन लावून गेले होते, डाव्या बाजूने. मूर्ती एका बाजूला किंचित कललीही आहे.

फेकून देण्याआधी तारेने उभी कापून पाहिली. बाहेरून बोटभर थर बिस्किटासारखा कडक, आत लोणी. कान दोन दिवसांत वाळून आकसले, त्यांच्यामागचं डोकं अजून ओलं आणि फुगलेलं. मग ते मुळाशी तुटणारच. बैठकीचं कारण वेगळं निघालं. ओली माती पाटाला घट्ट चिकटली होती. वर मूर्ती आकसत होती आणि तळ जागचा हलू शकत नव्हता. शिवाय पाटाने पाणी पिऊन पोट वर काढलं, म्हणजे खालून ढकलणं वेगळंच.

तुकडे लगेच पाण्यात टाकले, माती परत वापरायला. ही आजची चौथी चूक. दोन दिवसांनी बघितलं तर अर्धवट ओले गोळे तसेच, चिकट साबणासारखे. शाडू पूर्ण कोरडा झाला तरच पाण्यात फुटतो, ओलसर असला की पाणी आत शिरतच नाही. परत बाहेर काढून, किसून, कपाटात वाळवले आणि मग टाकले. कोरडा चुरा पाच मिनिटांत विरघळला.

खर्च शून्य, पण अठरा दिवस गेले आणि हातात फक्त साचा भरायची कला.

२१ जुलै, रविवार

तिसरी. यावेळी भिंत सगळीकडे पाऊण इंच. साच्याच्या दोन्ही भागांत पोळीसारखी माती थापली, कडांना खाचा पाडून शाडूचं दाट पाणी लावलं, आणि दोन भाग जोडून सुतळीने बांधले. बैठकीच्या भोकातून हात घालून आतली शिवण बोटाने पुसली. माझा हात जेमतेम गेला. लेकाचा सहज गेला, म्हणून त्याच्याकडून दोनदा पुसून घेतली. त्याला मोबदला म्हणून अर्धा तास मोबाईल.

डोक्यात माती जास्त झाली होती, ती चमच्याने खरवडून काढली. वजन ६.१० किलो, उंची ३०.५ सेंटिमीटर.

पाट नाही. स्टीलचं ताट पालथं घातलं, त्यावर दोन थर वर्तमानपत्र, मध्ये कोरडी भुकटी. मूर्ती आकसेल तसा कागद सरकतो. ताट पाणी पीत नाही, त्यामुळे वजनाचा हिशोबही सरळ.

वर प्लास्टिकची पिशवी तंबूसारखी, काड्यांवर टेकवून. कानांना आणि सोंडेच्या टोकाला ओल्या कापसाच्या पट्ट्या. जे पातळ आहे ते आधी वाळणार, म्हणून त्याला मागे धरून ठेवायचं. आईंनी (सासूबाई) पाहून विचारलं, "ताप आलाय का गणपतीला?"

२४ जुलै, बुधवार

वजन ६.०२. तीन दिवसांत ८० ग्रॅम. पिशवीत आहे तोवर असंच चालणार, चालू दे.

हातांचं काम. मामा म्हणतो, "हात हातानंच करायचे." मला अभयमुद्रेची बोटं जमेनात, एक तरी बोट केळ्यासारखं होतंच. सहाव्या प्रयत्नात बरा झाला, तर तो मोडायच्या आत त्याचा साचा घ्यावा म्हणून दोन किलो प्लास्टर आणलं, ६० रुपये.

प्लास्टर पाण्यात सोडायचं, बेटं तयार होऊन बुडेनाशी झाली की थांबायचं, मग ढवळायचं. एवढं व्यवस्थित केलं. ओतलं, दहा-बारा मिनिटांत घट्ट झालं, हाताला चांगलं गरमही लागलं. साचा उत्तम आला.

नंतर बादली स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुतली.

प्लास्टर पाण्याखालीही घट्ट होतं, हवा लागत नाही त्याला. सिंकखालच्या वळणात अर्धा कप दगड झाला. प्लंबर ५०० रुपये घेऊन गेला आणि तो दगड ओट्यावर ठेवून गेला, वळणाच्या आकाराचा, अगदी गुळगुळीत. या सगळ्या कामातलं माझं सर्वात निर्दोष ओतीव काम तेच. लेकाने तो खिडकीत मांडलाय.

करायचं असं: बादलीतलं उरलेलं तसंच घट्ट होऊ द्यायचं. प्लास्टिकची बादली बाहेरून दाबली की कवच सुटतं. धुवायचं पाणी अंगणात, झाडापासून लांब.

३ ऑगस्ट, शनिवार

मूर्ती ५.५२. भेग नाही. कानावरच्या पट्ट्या काढल्या.

हातांची मात्र वाट. बळकटी म्हणून चारही हातांत लोखंडी तार घातली होती. माती आकसली, तार आकसत नाही. चारही मनगटांना बांगडीसारखे तडे, आणि एका तळव्यातून गंजाचा तांबूस डाग. चारही फुकट.

तार सोडून कागदाकडे वळले. वर्तमानपत्राचे तुकडे दोन दिवस भिजवले, उकळले, मिक्सरमधून काढले (जुनं भांडं, वेगळं ठेवलंय), पिळले. पहिल्या लगद्यात बांधणी म्हणून गव्हाच्या पिठाची खळ घातली. झाकून ठेवला. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर वर करडी लव आणि घरभर वास. ऑगस्टात कोकणात पीठ घातलेला ओला कागद म्हणजे बुरशीला आमंत्रण. कोणीतरी मोरचूद घाल म्हणालं. बुरशी थांबेलही, पण तांब्याचं मीठ आहे ते, माशांना घातक, आणि ही वस्तू पाण्यातच जायची आहे. नको.

दुसऱ्या लगद्यात पीठ नाही. बाभळीचा डिंक (१०० ग्रॅम, ६० रुपये) भिजवून गाळून, त्यात पाच-सहा थेंब लवंगेचं तेल. आणि नुसता लगदा न वापरता दोन वाट्या पातळ शाडूत एक वाटी पिळलेला लगदा मिसळला. थोडा थोडाच करायचा, उरला तर फ्रीजमध्ये. आईंना फ्रीजमधला डबा चटणीचा वाटला, त्यावर आता चिठ्ठी आहे.

या कागदमातीने खेळच बदलला. कागदाचे धागे मातीला धरतात, बोटं पातळ करता येतात. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे हे वाळलेल्या मातीलाही चिकटतं. साध्या शाडूत ते होत नाही: कोरड्या मूर्तीच्या भेगेत ओली माती भरली की ती एकटीच आकसते आणि दुसऱ्या दिवशी खपलीसारखी गळते. माझी आधीची दोन ठिगळं तशीच गळाली होती.

९ ऑगस्ट, नागपंचमी

५.२१. पिशवी पूर्ण काढली. रंग बदलतोय, कान आणि पोट फिकट राखाडी, बैठक अजून गडद. उद्यापासून कपाटात, पहिले दोन दिवस बल्ब न लावता.

मानेमागे केसाएवढी रेघ दिसतेय. नख लावून वाढवायचा मोह आवरला.

१३ ऑगस्ट, मंगळवार

४.८३. बल्ब रोज चार तास, मग मूर्ती अर्धी वळवायची. पंखा नाही. मानेमागची रेघ आता नखाएवढी रुंद. वाळू द्यायचं ठरवलंय, भरायची नंतर.

१८ ऑगस्ट, रविवार

काल ४.६२, आजही ४.६२. वाळली. अठ्ठावीस दिवस. यातलं दीड किलो निव्वळ पाणी, जे पावसाळ्यात या घरात कुठेतरी जायला जागा शोधत होतं. उंची २८.७ सेंटिमीटर, म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर कमी. साच्यावरून मखराचं माप घेतलेलं, आता मखर मोठं होणार.

मानेची रेघ ब्लेडने व्ही आकारात उघडली, डिंकपाणी लावून कागदमातीने भरली. नवे हात (कागदमातीचे, साच्यातून काढलेले, आतमध्ये तारेऐवजी काथ्याचा पिळलेला दोर) त्याच कागदमातीने खांद्यांना जोडले. एकेक हात चार तास कपड्याच्या चिमट्यांनी आणि पुस्तकांच्या चवडीने आधार देऊन.

पॉलिश पेपर आधी १२० नंबरचा, मग २२०. तोंडाला मास्क बांधा, शाडूची धूळ इतकी बारीक असते की रात्री नाकातून राखाडी निघतं. आणि पडवीत करा. मी बैठकीच्या खोलीत केलं, टीव्हीवर अजून पांढरी पुटं आहेत.

वाळायची वाट पाहताना चार वाट्यांत चार तुकडे टाकून पाहिले. कोरडा शाडू: वीस मिनिटांत चिखल. ओलसर शाडू: रात्रभर तसाच. कागदमाती: चार तासांत मऊ, हाताने चुरगळावी लागली, धागे तरंगले. प्लास्टरचा तुकडा: दुसऱ्या दिवशी काढला, पुसला, जसाच्या तसा. तोच मग बेकरीवाले ज्याला नुसतं 'अमोनिया' म्हणतात त्या अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात टाकला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टरच्या मूर्तींसाठी हीच रीत काढली आणि पुणे महापालिका ती पावडर लोकांना देत आलीय. बुडबुडे आले, डोळ्यांत पाणी येईल असा वास आला, दोन दिवसांनी तळाला मऊ खडू. वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं, म्हणजे खतच. ज्यांच्या घरी आधीच प्लास्टरची मूर्ती आलीय त्यांच्यासाठी हे लिहून ठेवलं. खिडक्या उघड्या ठेवा.

२४ आणि २५ ऑगस्ट

रंगाआधी पांढरा हात, म्हणजे थर. खडूपावडर (व्हायटिंग, किलो २५ रुपये) आणि डिंकपाणी. पहिल्यांदा डिंक जास्त झाला, उद्देश हा की रंग हाताला लागू नये. रात्रीत पोटावरचा थर पापडासारखा सुटून वळला. डिंक दाट असला की वाळताना तोच खालच्या थराला ओढतो. ओल्या कापडाने पुसून काढला. मग चार चमचे पाण्याला एक चमचा दाट डिंक, तीन पातळ हात. बोट फिरवल्यावर बोटावर जेमतेम पांढरं दिसलं पाहिजे. अजिबात दिसलं नाही तर डिंक जास्त, भरपूर दिसलं तर कमी.

तिसऱ्या हाताला खडूपावडर संपली. रविवार, दुकान बंद, पाऊस. माळ्यावर भिंतीच्या चुन्याची पुडी होती. पांढरं ते पांढरं म्हणून पितांबरावर तोच मारला.

दुपारी पितांबराला हळदीचं पाणी लावलं. ब्रश टेकला तिथे पिवळं झालं, ब्रश पुढे सरकेपर्यंत नारिंगी, आणि मी दुसऱ्यांदा बुडवेपर्यंत लालभडक. मला वाटलं ब्रशला आधीचा गेरू आहे. ब्रश धुतला, परत लावलं, परत लाल.

आई दारातून बघत होत्या. "पितांबराचं कुंकू केलंस की गो!"

हळदीला चुना लावून कुंकू करतात हे आम्हाला शाळेत नाही, घरात शिकवलेलं. आजी दर वर्षी करायची, मी शेजारी बसून हात लाल करून घेतलेत. तरीही. आईंचं म्हणणं होतं की लाल सोवळं ठेव, छान दिसतंय. दिसतही होतं, पण डागडाग उठलेले. खरवडलं, सोमवारी व्हायटिंग आणलं. हळद तशीही उजेडात विटते, म्हणून पितांबराला पिवडी (पिवळी माती) वापरली.

१ सप्टेंबर, रविवार

रंग सगळे डिंकातले: अंगाला गेरूत भरपूर व्हायटिंग घालून गुलाबीसर, पितांबर पिवडी, शेला कपड्यांची नीळ, केस आणि भुवया काजळी. सगळे मिळून ११० रुपये, ब्रश १८० चे. ॲक्रिलिक मुद्दाम टाळले. एका कोरड्या तुकड्यावर लावून पाहिलं होतं. आतली माती विरघळली आणि रंगाची साल तशीच राहिली, सापाच्या कातीसारखी.

डिंकातल्या रंगाची एक अडचण आहे. दुसरा हात पहिल्याला उठवतो. ब्रश एकदाच फिरवायचा, मागे यायचं नाही. शेल्याचा काठ मला तीनदा पुसावा लागला.

डोळे मी केले नाहीत. मामाला गाडी पाठवली. खुर्चीत बसून त्याने मूर्ती स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीला आणवली, खाली तीन पाट ठेवून. ब्रशचे सगळे केस कापून चारच ठेवले. आधी दोन्ही वरच्या पापण्या, मग दोन्ही खालच्या, एक डोळा पूर्ण करून दुसऱ्याकडे गेला नाही. बुबुळ लावताना श्वास धरला होता, ते मला त्याच्या छातीवरून दिसलं. अकरा मिनिटं. नंतर मानेमागचा तडा बोटाने चाचपून म्हणाला, "हे कशानं भरलंस?" कागदमाती म्हटलं. परत चाचपला. "बरं आहे," म्हणाला, आणि उरलेल्या मिश्रणाचा डबा घेऊन गेला. चिठ्ठीसकट.

७ सप्टेंबर, चतुर्थी

बसला. घरचा चांदीचा मुकुट दोन बोटं खाली येऊन भुवयांवर टेकला. ३०.५ वरून २८.७. आत कापसाची चुंबळ करून बसवला.

खर्च: शाडू ३००, काटा ३५०, दमटपणाचं घड्याळ २८०, डिंक ६०, प्लास्टर ६०, व्हायटिंग २५, रंग ११०, ब्रश १८०, प्लंबर ५००. एकूण १,८६५. गेल्या वर्षी याच उंचीची शाडूची मूर्ती आम्ही १,८०० ला आणली होती. काटा आणि घड्याळ राहतील. प्लंबर राहणार नाही अशी आशा आहे.

वेळ मोजला तर हात प्रत्यक्ष मातीत असण्याचे तास साठेक. बाकी सगळी वाट पाहणं. परत करायचं तर मी जुलैचे पहिले दोन आठवडे साचा न वाळवता मे महिन्यातच वाळवून ठेवीन आणि मूर्तीही मेमध्येच काढीन. मामा तेच करायचा, शाळा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडायचा. मला वाटायचं गिऱ्हाइकं खूप म्हणून.

१२ सप्टेंबर, गौरी-गणपती विसर्जन

अंगणात मोठा टब, मूर्ती उभी बुडेल एवढं पाणी. सोडताना तळाच्या भोकातून हवा गुडगुडत बाहेर आली आणि सगळे दचकले. बोटं आधी जातील असं वाटलेलं, पण कागदमातीमुळे हातच शेवटपर्यंत राहिले. पोट पंधरा मिनिटांत, चेहरा अर्ध्या तासात. मानेचं ठिगळ पट्टीसारखं वेगळं तरंगत होतं. चारही हात मी नंतर चुरगळले, काथ्याचे दोर काढून धुऊन वाळत घातलेत.

वरचं पाणी जास्वंदीला. तळाचा चिखल कपड्यातून गाळला. कागदाचे धागे आणि निळीचा गाळ निघाला, तो वेगळा. माती ताटात पसरून कपाटात ठेवलीय, बल्ब लावून. पूर्ण वाळली की डब्यात.

साचा सुती चादरीत गुंडाळून माळ्यावर उभा. पाट अजून पोट काढूनच आहे, सुताराकडे रंधा मारायला दिलाय.